पाचचा उंचवटा

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. ते लेसरचे कान पिळत, म्हणून मास्तर.

कारखाना तसा आटोपशीर. तळमजल्यावर पेट्या जुळवायच्या, वरच्या मजल्यावर ऑफिस. पेटीत केसाएवढ्या काचेच्या तारेचं, म्हणजे फायबरचं वेटोळं असे आणि त्या वेटोळ्यात प्रकाश गोल गोल फिरे. नुसता फिरून उपयोग नव्हता. त्याचे तुकडे पडायला हवेत, सेकंदाला कोट्यवधी, सगळे एका उंचीचे आणि एका अंतरावर, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे. या तुकड्यांना पल्स म्हणायचं. पल्स नीट पडायला फायबरला नेमका पीळ द्यावा लागतो आणि त्यासाठी प्रत्येक पेटीत तीन चपट्या चकत्या असत, हुबेहूब कानांसारख्या. मास्तर डोळे अर्धवट मिटून पहिला कान पुढं घेत, दुसरा मागं, तिसरा अगदी सूतभर, आणि पडद्यावरचा बाजार एकाएकी शिस्तीत उभा राही. "लागला," मास्तर म्हणत. दुसऱ्याचा अख्खा दिवस जाई, ते काम मास्तर चहा निवायच्या आत करत. सत्तावीस वर्षं हेच.

लागल्यावरही सुटका नसे. पहिला तासभर पेटी तापत जाते, फायबर सैलावतं, पीळ सुटू बघतो. तेवढा वेळ तान्ह्या पोराजवळ बसावं तसं डावा हात कानांवर ठेवून बसायचं, आणि बिनसतंय असं वाटलं की किंचित फिरवायचं. हे वाटणं डाव्या हाताचंच होतं. उजव्या हाताला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

आणि नेमका तोच हात दगा द्यायला लागला.

दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगठ्याला कंप सुटला. गंमत अशी की काम करताना तो थांबे. कान फिरवताना हात दगडासारखा स्थिर. तो विसावला की मात्र अंगठा आणि तर्जनी मिळून एखादी न दिसणारी गोळी वळत बसत. मास्तर कुणाला न सांगता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं त्यांना खोलीभर चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि सांगितलं, "हा आजार सावकाश चालतो. पण मागं फिरत नाही."

हे फक्त बायकोला माहीत होतं. सकाळी ती त्यांच्या शर्टाची बटणं लावी आणि रोज एकच वाक्य म्हणे, "अहो, सांगून टाका साहेबांना. लोकांकडून कळण्यापेक्षा बरं."

"कळेल तेव्हा कळेल. आत्तापासून कशाला बोंब?"

"तुम्हाला ना, झाकली मूठच प्यारी."

"मूठ झाकलेली आहे तोवरच हालत नाही," मास्तर म्हणत, आणि ती हसत नसे.

त्या वर्षी एका मोठ्या मापनसंस्थेची मागणी आली. अकरा पेट्या. मात्र अट कडक. आजवर पल्स पडतायत एवढं बघून लोक खूश होत. या मंडळींना प्रत्येक पल्स आधीच्या पल्सएवढीच उंच हवी होती, आणि पहिल्या तासाची पूर्ण नोंद हवी होती. त्यासाठी नवं यंत्र आलं. त्याच्या पडद्यावर एक रेघ दिसे. रेघ सपाट म्हणजे पल्स स्थिर. कुठं उंचवटा आला म्हणजे काहीतरी पल्सला हलवतंय, आणि सेकंदाला किती वेळा ते त्या जागेच्या आकड्यावरून कळे. साहेब त्याला नॉइज म्हणत, मास्तर खरखर म्हणत.

पहिल्याच पेटीला उंचवटा आला. सेकंदाला पाच. दुसऱ्या पेटीला पाच. तिसरीला पाच.

शोध घ्यायचं काम चिमणीकडं आलं. ही बाई अंगानं एवढीशी, बोलायला लागली की थांबणं नाही, म्हणून चिमणी. लेसरला करंट पुरवणारी पेटी ती बनवायची. सहा वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा फायबर कापायला मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं चाळीस टोकं वाया घालवली तेव्हा ती म्हणाली होती, "मास्तर, एकदा माझेही कान पिळा म्हणजे सुधारेन." मास्तरांना मूलबाळ नव्हतं. ही पोर त्यांना आवडायची.

चिमणी हात धुऊन मागं लागली. तिनं एसी बंद करून पाहिला. लिफ्ट थांबवली. शेजारच्या खोलीतला व्हॅक्यूम पंप उचलून अंगणात नेला. सगळ्यांना चपला काढायला लावल्या. एका चौकटीच्या वहीत ती सगळं वेळेसकट लिहून ठेवी. कोण आलं, कोण गेलं, कुणी दार लावलं. उंचवटा कधी असे, कधी नसे, पण जात नसे.

"मास्तर, एक विचित्र गोष्ट सांगू?" एके दिवशी ती म्हणाली. "हा जागेवर थांबत नाही. कधी चार पूर्णांक आठ, कधी पाच पूर्णांक दोन. विजेची खोट असती तर खुंटीला बांधल्यासारखी एका आकड्यावर राहिली असती. हे काहीतरी जिवंत आहे."

"जिवंत?"

"हो. हसू नका."

मास्तर हसले नव्हते. त्यांनी डावा हात टेबलाखाली घेतला होता.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी पेटी सुरू केली, कान लावले आणि डावा हात विसावू दिला. रेघेवर पाचापाशी बारीक टेंगूळ आलं आणि वाढत गेलं. हात उचलला. टेंगूळ बसलं. पुन्हा ठेवला. पुन्हा आलं. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा ते नुसते शब्द होते. इथं त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पेटीनं ते चित्र काढून दाखवलं होतं. मास्तर बराच वेळ हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

त्यांनी हात न ठेवता तास काढून बघितला. वीस मिनिटांत पीळ सुटला आणि पल्स विस्कटल्या. उजवा हात ठेवून बघितला. तो आंधळा होता. म्हणजे हात ठेवला तर खरखर, नाही ठेवला तर लेसरच नाही. इकडं आड तिकडं विहीर.

आठवड्याभरानं साहेबांनी दोघांना वर बोलावलं. साहेब कधी आवाज चढवत नसत. शिपायालाही "कृपया" म्हणत. त्यांनी दोघांना चहा दिला आणि विचारलं, "कारण काय आहे?"

चिमणीनं भटकणाऱ्या आकड्यांबद्दल सांगितलं. जिवंत हा शब्द आल्यावर साहेब हसले. "उंदीर आहे का पेटीत? ग्राहकाला उंदीर कळवू?" मग ते मास्तरांकडं वळले. "मास्तर, तुमचं मत काय? सत्तावीस वर्षांचा हात आहे तुमचा."

हात हा शब्द ऐकला आणि मास्तरांनी डावा हात खिशात घातला. ते काही ठरवून आले नव्हते. निदान पुढं ते स्वतःला असंच सांगत राहिले. ते म्हणाले, "मला वाटतं करंट हलतोय."

चिमणीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. "मास्तर, माझा करंट मी मोजलाय. सरळ आहे."

"मोजलेला सरळ असेल. लागल्यावर हलत असेल."

"दाखवता येईल?" साहेबांनी विचारलं.

एकदा तोंडातून गेलं म्हणजे गेलं. मास्तर म्हणाले, "येईल."

दाखवलं त्यांनी. खाली सगळ्यांसमोर त्यांनी आधी कपाटातली जुनी करंटची पेटी जोडली, कान लावले आणि हात मागं घेऊन उभे राहिले. दहा मिनिटं रेघ सपाट. मग चिमणीची पेटी जोडली, कान लावले आणि "हा जरा सांभाळावा लागतोय" असं म्हणत डावा हात कानांवर विसावू दिला. पाचाचा उंचवटा झोकात उभा राहिला. पुन्हा जुनी, हात मागं, सपाट. पुन्हा नवी, हात वर, उंचवटा. सत्तावीस वर्षांत त्यांनी इतक्या सफाईनं काही केलं नव्हतं.

चिमणी पडद्याकडंच बघत होती. तिनं वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार. मास्तर उगीच बोलायचे नाहीत."

तिनं चार दिवस आपली पेटी खोलली, जोडली, पुन्हा खोलली. तिला त्यात काही सापडलं नाही, कारण त्यात काही नव्हतंच. पाचव्या दिवशी साहेबांनी तिला जायला सांगितलं. ग्राहकाला पत्र गेलं की दोष करंटच्या पेटीत होता, संबंधित इंजिनिअरच्या हलगर्जीमुळं झाला होता आणि त्यांना कामावरून दूर केलं आहे. पत्रात तिचं पूर्ण नाव होतं.

जाताना ती मास्तरांच्या पाया पडली. "तुम्ही सांगितलं ते बरं केलं. नाहीतर मी उंदीरच शोधत बसले असते." मास्तरांनी "सुखी राहा" म्हटलं. त्यांना स्वतःचीच किळस आली. पण ती जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकली. मनावर असं काही फार वेळ राहत नाही. घरी बायकोनं विचारलं, "चिमणीला का काढलं हो?" ते म्हणाले, "हलगर्जी."

पुढं तीन महिने कुणी उंचवट्याचं नाव काढलं नाही. साहेब रोज खाली येऊन "काय मास्तर, छान?" विचारत. पेट्यांना एक नवीन यंत्र जोडलं होतं, ते मास्तरांनी कान किती आणि कधी फिरवला ते टिपून घेई. मास्तरांना वाटलं, नोंदीसाठी असेल. अकराच्या अकरा पेट्या त्यांनी लावून दिल्या. पहिल्या तासाच्या नोंदी साहेब स्वतःकडं ठेवून घेत. आपण वाचलो, असं त्यांच्या मनानं घेतलं.

मग मापनसंस्थेची माणसं पाहणीला आली. एक उंच बाई आणि एक चष्मेवाले गृहस्थ, सारखे वहीत काहीतरी लिहिणारे. साहेबांनी पेटी सुरू करायला लावली आणि मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, कृपया डावा हात ठेवता?"

मास्तरांनी हात ठेवला. ताठ.

"असा ताणू नका. विसावू द्या."

खोलीत सहाजण होते. मास्तरांनी साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांना कळलं की या माणसाला सगळं माहीत आहे. हात आपोआप सैल पडला. पाचापाशी उंचवटा वर आला.

"उचला," साहेब म्हणाले. रेघ बसली. "ठेवा." उठली. "उचला. ठेवा. बघा, किती स्वच्छ दिसतंय. मास्तर, पुन्हा एकदा."

"हे कशानं होतं?" उंच बाईनं विचारलं.

"कंपवात," साहेब एखाद्या सुट्या भागाचा नंबर सांगावा तसे म्हणाले. "डोळ्यांना धड दिसत नाही एवढा बारीक कंप आहे, पण आमच्या पेटीला दिसतो. आता हेच काम मोटरवर बघा." त्यांनी बटण दाबलं. पेटीतले कान आपले आपण फिरले, मास्तर फिरवत अगदी तसेच, पहिला पुढं, दुसरा मागं, तिसरा सूतभर. लागला. तासभर रेघ सपाट राहिली, आणि तिच्यापाशी कुणी बसलं नव्हतं. चष्मेवाल्या गृहस्थांनी मास्तरांच्या हाताचा जवळून फोटो काढला. काढण्याआधी विचारलं मात्र पेटीच्या मालकाला.

पाहुणे गेल्यावर मास्तर जिना चढून वर गेले. पायसुद्धा हल्ली जड पडत.

"तुम्हाला कधी कळलं?"

"चिमणीला काढायच्या आधी," साहेब म्हणाले आणि त्यांनी खणातून चौकटीची वही काढली. "तिनंच लिहून ठेवलंय. हे बघा. एक वाजून दहा, मास्तर पाणी प्यायला उठले. एक वाजून दहा, उंचवटा गेला. एक पंधरा, मास्तर बसले. एक पंधरा, उंचवटा आला. असं नऊ वेळा आहे. तिनं शिपायावर संशय घेतला, लिफ्टवर घेतला, स्वतःवर घेतला. तुमच्यावर घ्यायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. मी मात्र तुमचा खिशातला हात पाहिला होता, आणि पाचचा कंप म्हणजे काय ते एका डॉक्टरला विचारून घेतलं."

"मग तिला का काढलं?"

"करंटच्या पेट्या बनवणारी माणसं मिळतात. अकरा पेट्या लागेपर्यंत आणि मोटर शिकेपर्यंत मला तुमचा हात हवा होता. आणि खरं सांगू? तिचं नाव मी घेतलंच नव्हतं. तुम्ही दाखवलंत, मी पाहिलं."

"तिला परत बोलवा."

"ग्राहकाला काय लिहू? की आम्ही खोटं लिहिलं होतं? त्यांना आज पेटी किती बारीक कंप टिपते तेवढंच दिसलं, जुन्या उंचवट्याशी त्यांनी ते जोडलेलं नाही." साहेबांनी वही खणात ठेवली. "तुम्ही मात्र राहा. तुमची औषधं आपल्या विम्यातून होतील. पाहुणे आले की तेवढं खाली या आणि हात ठेवा. लोकांवर फार छाप पडते."

मास्तर राहिले. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा पाहुणे येत. मास्तर हात ठेवत आणि उचलत. एरवी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत.

चिमणीचा ठावठिकाणा काढायला त्यांना चार महिने लागले, म्हणजे तेवढे दिवस त्यांनी लावले. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. पत्र एकाला गेलं तरी दहाजण वाचतात. लेसरच्या कामात तिला कुणी दारात उभं केलं नव्हतं. ती एका गाळ्यात बसून लिफ्टची जळकी सर्किट कार्डं दुरुस्त करायची. मास्तरांना बघून ती उठली, स्टूल पुसलं. "या, या. किती वाळलात हो!"

मास्तरांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. हात मागं, हात वर, तेही सांगितलं. वहीतल्या नऊ वेळाही सांगितल्या. सांगताना डावा हात मांडीवर गोळी वळत होता आणि तिची नजर त्याच्यावर खिळली होती. तिच्या हातातलं सोल्डरिंगचं आयर्न तसंच धुमसत राहिलं.

"पाणी प्यायला उठले," ती अखेर म्हणाली. "मीच लिहिलं होतं."

"चुकलं माझं."

"चुकणं वेगळं. चार टोकं वाकडी कापली तर चुकलं म्हणतात." तिचा आवाज अजून चढला नव्हता. "तेव्हा मला चौथा महिना होता, मास्तर. कुणाला सांगितलं नव्हतं. घरी बसले तशी रात्रंदिवस तीच पेटी डोक्यात. कुठं चुकलं, कुठं चुकलं. पाचव्यात गेलं ते. त्यानंच गेलं असं मी म्हणत नाही. डॉक्टर पण म्हणत नाहीत. पण तुम्हाला माहीत असावं."

तिनं आयर्नचा प्लग काढला.

"आणि आलात कधी? तुम्हाला चारचौघांत नाचवलं तेव्हा. नाचवलं नसतं तर आला असता?"

मास्तर खरं बोलले. "नसतो आलो."

"मग एक करा. माझ्याकडं रडू नका. ज्यांना पत्र गेलं त्यांच्यासमोर सांगा. माझ्या नावासकट."

पुढच्या वेळी तीच उंच बाई आली, सोबत आणखी चौघं. साहेब म्हणाले, "मास्तर, कृपया." मास्तरांनी हात ठेवला. उंचवटा आला. पाहुणे पुढं वाकले. तेवढ्यात मास्तर बोलायला लागले. हल्ली त्यांचा आवाज खोल गेला होता, म्हणून त्यांनी बेंबीच्या देठापासून जोर लावला. चिमणीचं पूर्ण नाव घेतलं. ते म्हणाले, तिची पेटी निर्दोष होती, दोष या हाताचा होता, मला माहीत होतं, मी मुद्दाम तिच्यावर ढकललं, आणि साहेबांनाही माहीत होतं. शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू गेला.

साहेबांनी मान खाली घातली, एखाद्या दुखवट्याला घालावी तशी. मग उंच बाईनं विचारलं, "म्हणजे तेव्हाच्या नोंदीतसुद्धा हा उंचवटा आहे? नऊ महिन्यांपूर्वीच्या?"

"आहे," साहेब म्हणाले.

"तेव्हा कितीवर होता?"

"चार पूर्णांक आठ ते पाच पूर्णांक दोन. भटकायचा."

"आणि आता?" बाई पडद्याजवळ गेली. "चार पूर्णांक सहा. उंचीही वाढलेली दिसते. म्हणजे आजार पुढं सरकतो तसा हा बदलतोय. हे फार मोलाचं आहे. जुन्या नोंदी आम्हाला मिळतील?"

"का नाही मिळणार," साहेब म्हणाले.

"हात अजून थोडा वेळ ठेवता का?" बाईनं मास्तरांना विचारलं. तिनं विचारलं मात्र आदरानं. मास्तर तिच्याकडं बघत राहिले. ते उठू शकले असते. हात पेटीवर होता आणि तो आपलं काम करत होता. पाऊण तास त्यांनी तो तिथंच ठेवला.

संध्याकाळी त्यांनी चिमणीला फोन लावला.

"सांगितलं," ते म्हणाले.

"माझं नाव घेतलंत?"

"पूर्ण नाव घेतलं."

"त्यांनी ऐकलं?"

"नीट ऐकलं."

"मग?"

"मग जुन्या नोंदी मागितल्या. आणि जेवायला गेले."

मास्तर फोन कानाला लावून बराच वेळ थांबले. बायकोनं येऊन त्यांच्या हातातून तो काढून घेतला, ऐकलं आणि म्हणाली, "अहो, तिनं केव्हाच ठेवलाय."